कंसातली शांतता

एतेरीबाईंची रेकॉर्डिंगं मी उतरवून काढते,
कुताइसीत, दवाखान्यामागच्या खोलीत,
जिथून रिओनी नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते,
आणि हीटर अर्धाच तापतो.
दर शब्दामागे आहे.
पण बाईंची अट: माणूस गप्प बसला तर तेही लिहायचं,
किती सेकंद, ते कंसात.
त्याचे पैसे नाहीत.

आज ओतिआ. वय एकाहत्तर.
पूर्वी ट्रकच्या कारखान्यात वेल्डर.
मुलगा बेसो चौतीस वर्षांचा,
नवव्या वर्षापासून आकडी.
टेबलाच्या कोपऱ्यांना ओतिआने
जुन्या लष्करी कोटाचे तुकडे ठोकलेत,
न्हाणीघराची कडी काढून टाकलीय,
घरात काचेचा पेला म्हणून नाही,
पाहुण्यालासुद्धा वाइन इनॅमलच्या मगात.
हे सांगताना तो हसतो,
पकडलं गेल्यासारखा.

“डॉक्टर म्हणाले, मिनिटं मोजत जा.
मोजतोय.
वह्या आहेत सगळ्या. बघता?”
पानांचा आवाज.
दीड मिनिट. दोन मिनिटं दहा.
चाळीस सेकंद, अंगणात, अक्रोडाखाली.
एका तारखेसमोर आकडाच नाही, नुसतं:
मी झोपलो होतो.
(सात सेकंद)

मग प्रश्न चौदावा:
सलग रात्रभर शेवटचं कधी झोपलात?
ओतिआ विचारतो,
“झोप कशाला धरता तुम्ही?”

त्सिआलाचं नाव यादीत नव्हतंच.
ती चहा ठेवायला आली
आणि रेकॉर्डिंगमध्ये राहिली.
मार्चपासून तीही पडते.
मुलासारखीच, चुलीपाशी, हात वळून,
डोळे मात्र घट्ट मिटलेले.
तिबिलिसीला नेऊन डोक्याला तारा लावल्या,
दोन रात्री ठेवून घेतली.
ती पडली तेव्हाही पडद्यावरच्या रेघा
शाळेत निघालेल्या मुलींसारख्या
सरळ चालत राहिल्या.

शेजारीण म्हणाली, सोंग.
नणंद म्हणाली, आता हिलाही कुणीतरी विचारायला हवंय.
ओतिआ काही म्हणाला नाही.
त्याने दुसरी वही आणली.

“म्हणजे मी खोटी का?”
त्सिआला हे बशी पुसत विचारत असावी,
चिनीमातीची करकर मध्येमध्ये येते.
एतेरीबाई लगेच बोलत नाहीत.
त्यांचं ते पुस्तकी बोलणं मला पाठ आहे,
मन, मेंदू, ताण, त्यांची आकृती.
आज त्यातलं काहीच नाही.
“ती वर्षं आठवतात, वीज नसायची?
मीटर फिरायचा नाही.
म्हणून काय घरात अंधार नव्हता?”
(एकोणीस सेकंद)

एकोणीस मी तीनदा मोजले.
नदी नव्हे, ती किटली होती.
मग खुर्ची सरकली
आणि त्सिआला म्हणाली,
“पंचवीस वर्षं सगळं अंगावर काढलं.”
टाइप करताना माझी बोटं थबकली.
अंगावरच.
दुसरीकडे कुठे जागा होती?

तक्त्यात दोन रकाने आहेत:
रुग्ण, आणि सांभाळणारे.
त्सिआलाला कुठे घालू, असं मी फोनवर विचारलं.
बाई म्हणाल्या, उद्या सांगते.
त्याला आता नऊ दिवस झाले.

शेवटी यंत्र बंद करायला त्या विसरल्यात.
कोट. दार. ओतिआचं
“पायऱ्या जपून, दिवा गेलाय.”
चौथ्या मजल्यावरून उतरणारे बूट,
एक मजला, दुसरा,
आणि मग बूट नाहीत.
कुणी रडत नाही, बोलत नाही.
खिशातल्या कापडाला घासून येणारा
श्वास.
खाली कुठेतरी कुत्रं.

हे मुलाखतीत धरायचं नसतं.
खोडायला एक बटण पुरे.
पण अट बाईंचीच,
आणि अटीत असं कुठे आहे
की गप्प बसणारा कोण, ते बघायचं?
मी लिहिलं:
(एक मिनिट चार सेकंद)

नंतर किल्ल्यांचा आवाज.